उभ्यानं वाजवायचं

आमच्या बँडला चालत वाजवायची सवय.
वेशीपासून मांडवापर्यंत, मांडवापासून देवळापर्यंत,
पुढं आम्ही, मागं घोडा, घोड्यामागं जनरेटरचा हातगाडा,
सूर आणि पाऊल एकाच वादीनं बांधलेलं.
थांबलो की समजायचं, कुणीतरी नोट काढलीय
नाहीतर कुणीतरी पडलंय.

त्यामुळं आटपाडीच्या कचेरीतून दिघंचीला निरोप आला
की यंदा सव्वीस जानेवारीला स्पीकर नको, बँड पाहिजे,
तेव्हा राष्ट्रगीत बसवायला चार दिवस लागले
आणि पाय बसवायला पंधरा.

खळ्यावर गजाबा मास्तरनं चुन्यानं नऊ गोल काढले.
गोलाबाहेर पाय गेला की क्लॅरिनेटचा शेंडा डोक्यात.
इलाही मुलाण्याच्या मनगटावर आकड्यांचं घड्याळ.
पहिल्या दिवशी एक मिनिट अकरा,
वरातीचा रेंगाळा अंगात मुरलेला.
दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस सेकंद.
मास्तर म्हणाला, ही काय पळून चाललेली पोरगी हाय?
बावन्न जमलं तेव्हा शेळ्या परत येत होत्या.

मी झांजेवर, तेरा वर्षांचा.
चुलत्याचा तांबडा कोट, बाह्या आत टाचलेल्या,
एका खांद्याची झालर उंदरानं नेलेली.
शेजारच्या गोलात म्हाळाप्पा आज्जा,
युफोनियम कोकरासारखा पोटाशी धरून.

सव्वीस तारखेला थंडी अशी, की पितळ ओठाला चिकटायचं.
तहसीलदारबाईंनी दोरी ओढली,
झेंडूच्या पाकळ्या पडल्या,
मास्तरची भुवई उठली.

मैदान खिळलं.
फौजदार, कारकून, दूध संघाचा चेअरमन,
ज्याच्या पोराच्या लग्नात
पंगती उठेपर्यंत आम्ही ट्रॉलीच्या सावलीत बसलो होतो.
सगळ्यांचे ओठ हलत होते.
आमच्या ओठांवर पितळ.
वाजवणाऱ्याला ते म्हणता येत नाही,
हे मला तेव्हाच कळलं की पुढं कधी, सांगता येणार नाही.

दहावा सेकंद असेल.
म्हाळाप्पा आज्जाचा डावा पाय निघाला.
मग उजवा.
डोळे मिटलेले, गाल भरलेले,
फक्कीच्या रेषेवरून, एनसीसीच्या पोरांच्या मधून,
नातवाच्या दाखल्यासाठी अकरा खेपा
ज्या पायरीवर बसून काढल्या, त्या पायरीसमोरून,
खुर्च्यांच्या पुढून.

कोण अडवणार?
फौजदाराचं बुबुळ तेवढं त्याच्याबरोबर फिरलं. मान नाही.
सगळा तालुका ताठ
आणि एकटा म्हातारा चालता.

सूर एक चुकला नाही.
उलट बेस लांबून यायला लागला तसं
गाणं रुंद झालं,
जणू मैदानाला पलीकडची भिंत मिळाली.

शेवटचा सूर सुटला तेव्हा तो काठीखाली होता.
तिथंही एक गोल होता, रांगोळीचा.
त्याच्या बरोब्बर आत,
एक काठ टाचेनं पुसलेला.

डोळे उघडले. आधी पायाकडं बघितलं,
मग वर,
मग आम्हाला शोधलं.
कुणी हसलं नाही. टाळी कुठं वाजवायची, हे कुणाला कळेना.
बाई एवढंच म्हणाल्या, आजोबा, सावकाश.

परत यायला चाळीसेक पावलं होती
आणि वाजवायला काही नव्हतं.
माणसाला इतकं अवघडून चालताना
मी नंतर बघितलं नाही.
झांजा माझ्या हातात.
वाटलं, नुसते चार ठोके द्यावेत,
त्या तालावर येईल तो.
मास्तरकडं बघितलं. भुवई खालीच.
मी दिले नाहीत.

दुपारी बिल करायला बसले.
पावतीबुकात छापलेलं होतं: हळद, परण्या, वरात, मिरवणूक, मयत.
कारकुनानं विचारलं, हे कशात धरू?
मिरवणुकीत धरा, मास्तर म्हणाला.
एकाच माणसाची, पण निघाली.

पैसे मार्चअखेर मिळाले,
दोन हप्त्यांत.